नामफलक

सागवानी फळा, नऊ फूट बाय चार.
वरच्या भागात नगराध्यक्ष, खालच्यात महापौर,
मधल्या सांध्याला एकदा वाळवी लागलेली,
टर्पेंटाइन मीच ओतलं.

मी दस्तगीर. आधी लक्ष्मीपुरीत सिनेमाचे बोर्ड रंगवायचो,
नायिकेचा एकेक डोळा माझ्या उंचीचा.
टॉकीज बंद पडली, तेव्हा पालिकेनं बोलावलं:
अक्षर बारीक पायजे, ओळ सरळ पायजे
आणि शिडीवर असताना राजकारण बोलायचं न्हाई.

पहिल्या ओळी माझ्या उस्तादाच्या उस्तादाच्या.
कुणी निवडून आलेलं न्हवतं तेव्हा.
दरबारातनं कागद यायचा,
कागदावरचं नाव फळ्यावर उतरायचं.
रावसाहेब, रावबहादूर, पगडीच्या वळणाची अक्षरं.
रंग वाळायला निवांत वेळ होता.

मग उपाध्या गळाल्या, पेठा आल्या.
तालमीतला आला, कान मोडलेला.
गुळाच्या अडतीवरचा आला.
आणि एक असा आला, ज्याच्या आज्याला
हौदावर लांबनं ओंजळ धरावी लागायची.
ते नाव लिहिताना म्हणे उस्तादाचा ब्रश थबकला.
मग शागिर्दाला म्हणाला,
जागा तेवढीच दे. रंगपण त्योच.

त्यानंतर वर्षांच्या जागी महिने आले.
तीन महिने तू, तीन महिने ह्यो,
राजीनामा आधीच लिहून खिशात, तारीख तेवढी कोरी.
माझी रोजी वाढली, खोटं कशाला बोलू.
एकदा तर पहिल्याचा 'र' ओला असतानाच
दुसऱ्याची माणसं पेढे घेऊन जिन्यात.

'सौ.' साठी डावीकडं दीड बोट सरकावं लागलं.
अख्खी ओळ नव्यानं आखली:
सौ. अक्काताई बाळगोंडा मगदूम.
बाळगोंडा शिडीखाली उभा.
"पेंटर, मधलं नाव जरा ठळक येऊ दे."

दुसऱ्या दिवशी ती एकटी आली,
सभागृह झाडायच्या आधी.
फळ्याकडं बघत राहिली, बोट लावलं न्हाई.
"दुधाळीच्या गटारीचा ठराव माझा. सहा सभा भांडले.
त्यो कुठं लिवत्यात?"
वहीत, म्हटलं. वर, रेकॉर्डला.
"वाचतंय कोण?"
मी ब्रश धुवायला घेतला.

आता पाच वर्षं शिडी माळ्यावर.
एकच साहेब. सूचक त्योच, अनुमोदक त्योच,
विरोधात कुणी न्हाई, सर्वानुमते मंजूर.
एक्क्याऐंशी खुर्च्या चादरीखाली,
बारशाला निजवलेल्या पोरांगत.
पूर्वी नळ कोरडा गेला, की रात्री अकराला
मेंबराचं दार वाजवायचो आम्ही.
बनियनवर बाहेर यायचा बिचारा, शिव्या खायचा,
टँकर पाठवायचा, कधी नुसतंच पाठवतो म्हणायचा.
आता साहेबाच्या बंगल्यावर वॉचमन आहे.
चांगला आहे पोरगा. वहीत नाव लिहून घेतो.

काल क्लार्कचा फोन.
इलेक्शन लागलंय, एका वॉर्डात चौघं,
फळ्यावर जागा किती उरली, बघून सांगा.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी.
पोरगं म्हणालं, अब्बा, स्टिकर मारू, दहा मिनिटांचं काम.
त्याला म्हटलं, तू नुसता फळा धर.

उतरवला, पालथा केला.
पाठीवर मोडीत थोरल्या उस्तादाची सही
आणि हिशेब: रोगण, आठ आणे.
खाली रिकामं सागवान, समोरपेक्षा जास्त.
कानावरची पेन्सिल काढली,
बारीक लिहिलं: दुधाळी, गटार, अक्काताई.
पोरानं विचारलं, काय करताय?
माप घेतोय, म्हटलं.

मग सुलटा केला, टेप लावली,
क्लार्कला कळवलं: अडीच ओळी.
तो म्हणाला, बरं.
अर्ध्या ओळीचं काय, ते त्यानं विचारलं न्हाई.